आईच्या रेडिओवरचा लाल ठिपका : पुण्यातली एफएम स्टेशनं रातोरात का बदलतात?

ओंकार_कोथरूड

आईचं वय ७६. आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर दोन बँडचा एक जुना सेट आहे. तिला डायलवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून बहिणीनं काही वर्षांपूर्वी काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. काटा ठिपक्यावर आणला की जुनी हिंदी गाणी. सकाळच्या चहापासून दुपारी ओटा पुसेपर्यंत सेट चालू.

गेल्या महिन्यात एका सोमवारी त्या ठिपक्यावरून जुनी गाणी गायब झाली. त्या जागी धडधडणारी नवी गाणी आणि मध्ये मध्ये दोन निवेदकांचा गलका. आईला वाटलं काटा सरकला. तिनं तो मागेपुढे केला, परत ठिपक्यावर आणला. तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी रात्री जेवताना म्हणाली, "अरे, ते लोक गेले वाटतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्टेशनचं नाव लिहीत नाही, तिथे काम करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण हे ठरवतं कोण? आणि न सांगता का? आदल्या आठवड्यात "सोमवारपासून आम्ही बदलतोय" एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

दुसरा प्रश्न साधा आहे. दुपारी १२ ते ३ पुण्यात जुनी गाणी खात्रीनं कुठे लागतात? मोबाइल, ब्लूटूथ स्पीकर, गाणी भरलेला तयार सेट हे सगळं करून झालं. तिला ते नको. "पुढचं गाणं कुठलं ते मला आधीच ठाऊक असेल तर ऐकायचं कशाला" असं तिचं म्हणणं आहे.

मीनाक्षी_नि

१०१ लावून द्या. विविध भारती पुणे. आमच्याकडे सासूबाई पहाटेपासून तेच ऐकतात. मधूनमधून पुणे केंद्राचे मराठी कार्यक्रमही असतात.

ओंकार_कोथरूड

@मीनाक्षी_नि, पहिल्यांदा तेच केलं. पण आमच्या मागे मोठी इमारत उभी राहिल्यापासून स्वयंपाकघरात १०१ वर खरखर येते. बाल्कनीत स्वच्छ लागतं, ओट्याशी नाही. खासगी स्टेशनं मात्र तिथेही खणखणीत येतात.

धायरीफाटा

मला यात अन्याय दिसत नाही. खासगी कंपनी आहे, तिला जे परवडतं ते ती वाजवणार. पेठेतला अमृततुल्यवाला दुकान बंद करून मोमो विकायला लागला तर आपण हळहळतो, पण त्याला जाब विचारत नाही. माझ्या पिढीनं रेडिओ सोडून बरीच वर्षं झाली. स्टेशनं आम्हाला परत बोलवायला धडपडतायत तर धडपडू द्या.

अनघा_के

@धायरीफाटा, अमृततुल्यवाल्याची जागा त्याची स्वतःची असते. फ्रिक्वेन्सी शहराची आहे, कंपनीला ती ठरावीक वर्षांसाठी परवान्यावर मिळते. फरक आहे.

लिंकवाला

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. पुण्यातल्या एका खासगी स्टेशनवर मी सहा वर्षं प्रोड्युसर होतो, आता त्या धंद्यात नाही. ओंकार, तुमच्या दोन्ही 'का'ची उत्तरं देतो.

आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी, मनाला येईल ते गाणं लावतो असा लोकांचा समज असतो. तसं नाही. प्रत्येक तासाचं एक 'क्लॉक' असतं, खरोखरच घड्याळासारखं वर्तुळ. कुठल्या मिनिटाला गाणं, कुठे जाहिरातींचा ब्रेक, कुठे जिंगल आणि कुठे आरजेची लिंक हे त्यात आखलेलं असतं. दोन गाण्यांमधल्या बोलण्याला लिंक म्हणतात, त्यावरूनच माझं इथलं नाव. गाण्यांचे गट पाडतात. ताज्या हिट गाण्यांचा गट सगळ्यात वेगानं फिरतो. मी होतो तेव्हा त्यातलं गाणं दर तीन-साडेतीन तासांनी परत यायचं. यादी सॉफ्टवेअर लावतं, माणूस वरवर हात फिरवतो. ते 'सिलेक्टर' नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. बरेचदा यादी मुंबईहूनच यायची.

कुठलं गाणं त्या गटात जाणार यासाठी चाचणी असते. गाण्याचा दहाएक सेकंदांचा ओळखीचा तुकडा, ज्याला आम्ही 'हुक' म्हणायचो, लोकांना फोनवर किंवा हॉलमध्ये बसवून ऐकवायचा आणि गुण घ्यायचे. यात जुन्या गाण्याचं काय होतं बघा. ज्याची सुरुवातच मिनिटभर सतार आणि व्हायोलिन अशी आहे, त्याला दहा सेकंदांत गुण पडणार कुठून?

आता रातोरात का. स्टेशनाचा फॉरमॅट, म्हणजे तिथे लागणाऱ्या गाण्यांचा प्रकार, बदलणं ही स्पर्धकांपासून लपवायची गोष्ट असते. आठवडा आधी सांगितलं तर समोरचं स्टेशन तोच श्रोता उचलायला जाहिरात करतं. आमच्याकडे जुन्या गाण्यांवरून नव्यावर गेलो तेव्हा आरजेंना शुक्रवारी संध्याकाळी कळलं. रविवारी रात्रीचा शेवटचा जुन्या गाण्यांचा तास मी बसवला. निरोपाची एक ओळ लिहून ठेवली होती, ती वाचू दिली नाही. वर्षानुवर्षं रोज फोन करणाऱ्या एक बाई होत्या, शिवाजीनगर पोलीस लाइनमधल्या. मंगळवारी त्यांचा फोन आला, "आज तुमची मशीन बिघडली आहे का?" काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. तुमच्या आईंचं वाक्य वाचल्यावर आधी त्या बाई आठवल्या.

तंबोरा

लिंकवाला, फार मनापासून लिहिलंत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कापडदुकान

मी दुसऱ्या बाजूचा. लक्ष्मी रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे आणि आम्ही बरीच वर्षं एफएमवर जाहिरात देतोय. भाव दर १० सेकंदांना असतो. स्टेशनचा माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात कागद असतो : आमचे श्रोते अमुक वयाचे, अमुक कमाईचे. मोबाइलवाले, कॉलेजवाले, बिल्डर या सगळ्या मोठ्या जाहिरातदारांना तरुण हवे असतात. पंचविशीतलं जोडपं फ्लॅट घेतं, गाडी घेतं. ७६ वर्षांच्या आजी काही घेत नाहीत, असा हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे हे मी काउंटरवर रोज बघतो. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर येतं, पण शालू कुठल्या दुकानातून घ्यायचा हे आजी ठरवते. जुन्या गाण्यांच्या स्टेशनवर दुपारी आमची जाहिरात लागायची तेव्हा "रेडिओवर ऐकलं" म्हणून सांगणाऱ्या बायका यायच्या. फॉरमॅट बदलल्यावर ते सांगणं बंद झालं. मी स्टेशनच्या माणसाला हे बोललो. तो म्हणाला, तुमच्यासारखे छोटे जाहिरातदार महिन्याचा खर्च काढून देतात, पण फॉरमॅट राष्ट्रीय जाहिरातदाराकडे बघून ठरतो.

जुना_श्रोता

वय ८१. मुलगा टाइप करून देतोय, मी सांगतोय.

गाण्यांचा प्रकार बदलला आणि श्रोता निघून गेला, ही गोष्ट आमच्या लहानपणीही झाली. १९५२ मध्ये केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. शास्त्रीय संगीत लोकांच्या कानी पडावं हा त्यांचा हेतू चांगला होता. पण लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री ८ वाजता अमीन सायानींचा आवाज ऐकायला आमच्या वाड्यात एका खोलीत तीन बिऱ्हाडं जमायची. तो श्रोता परत आणायला सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. पाच वर्षं गेली त्यात.

आणि 'कमर्शियल' रेडिओ २००० नंतर आला असं कुणी म्हणू नये. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, त्या मुंबई, पुणे आणि नागपूरच्या केंद्रांवर. म्हणजे रेडिओवरची जाहिरात ऐकणाऱ्या देशातल्या पहिल्या काही शहरांत आपण आहोत. तेव्हा जाहिरातीही आल्या आणि 'भूले बिसरे गीत'ही राहिलं. दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात, हे आम्ही कानांनी ऐकलंय.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ पासून, त्याच केंद्रानं गीतरामायण सुरू केलं. माडगूळकर लिहितायत, फडके चाल लावतायत, वर्षभर नवं नवं गाणं, एकूण ५६. प्रसारणाच्या वेळी रस्ता शांत असायचा. काही घरांत रेडिओला हार घालत. कुणा श्रोत्याला आधी दहा सेकंद ऐकवून गुण घेतले नव्हते. केंद्रातल्या माणसांना आपला गाव माहीत होता.

लिंकवाला

आजोबा, शेवटचं वाक्य आम्ही स्टुडिओच्या दारावर लावायला हवं होतं.

प्रज्ञा_औंध

मूळ दुखण्याला अजून कुणी हात घातलेला नाही. जुनी हिंदी गेली, नवी हिंदी आली, पण मराठी कुठे होती? पुण्यात बसून पुण्याच्या स्टेशनवर मराठी गाणं कानी पडायला गणपतीची वाट बघायची का? चेन्नईत, कोलकात्यात खासगी स्टेशनं तिथल्या भाषेत चालतात. आपल्याकडे आरजे मराठीत बोलतो आणि गाणं हिंदी लावतो. मी बाणेरहून नळ स्टॉपपर्यंत रोज गाडी चालवते. सगळी स्टेशनं फिरवूनही एक मराठी गाणं लागत नाही असे दिवस असतात.

धायरीफाटा

@प्रज्ञा_औंध, कारण पुणं आता फक्त मराठी राहिलेलं नाही. हिंजवडीच्या बसमध्ये दहा राज्यांची माणसं असतात. सगळ्यांना चालेल अशी हिंदी लावली तर त्यात मराठीचा अपमान कुठे आला?

प्रज्ञा_औंध

बंगळुरातही दहा राज्यांची माणसं आहेत. तिथे कन्नड लावणारी स्टेशनं चालतात आणि जाहिरातीही मिळवतात. २०१६ मध्ये 'सैराट'ची गाणी आली तेव्हा तुमची ती दहा राज्यांची माणसंच नाचत होती. तेव्हा हिंदी वाजवणाऱ्या स्टेशनांनीही ती लावली. म्हणजे श्रोता तयार असतो. तो आहे असं मानायला कुणी तयार नसतं.

अनघा_के

प्रज्ञाशी सहमत. फक्त एक भर. मराठी म्हणजे नुसती चित्रपटातली नवी गाणी नकोत. भावगीतं, नाट्यपदं, लावण्या, अभंग, लोकसंगीत, तरुण मुलांचे नवे बँड एवढं सगळं आहे आपल्याकडे. यातलं निम्मं ज्या मुलांच्या कानांवर कधी पडलंच नाही, त्यांना ते आवडत नाही असं कशावरून ठरवतात?

लिंकवाला

या वादात आतली एक गोष्ट सांगतो. रेडिओ ऐकणाऱ्यांची नियमित मोजणी करणारी 'रॅम' नावाची पद्धत २००७ मध्ये सुरू झाली. ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार शहरांपुरती होती. नेमलेल्या घरातली माणसं डायरीत लिहायची, कधी काय ऐकलं. त्या आकड्यांवर मुंबईत निर्णय व्हायचे आणि पुण्याला लागू व्हायचे. "पुणेकराला भावगीत लागलं की तो स्टेशन बदलतो" हे वाक्य मी मीटिंगमध्ये कितीदा ऐकलंय. ते कुणी पुण्यात तपासलंय का असं विचारलं की विषय पुढे जायचा.

आणि पैशाची बाजू तुम्हाला माहीत हवी. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात, २००० च्या लिलावात, परवान्याची ठरावीक रक्कम होती आणि ती दर वर्षी १५ टक्के वाढायची. त्या ओझ्याखाली मुंबईत 'विन ९४.६' हे स्टेशन बंद पडलं. पुण्यात त्या टप्प्यात रेडिओ मिरची आलं. २००५ च्या धोरणानं ते बदललं आणि उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा ही पद्धत आली. मग एकेका शहरात स्टेशनं भराभर वाढली. गाण्यांच्या रॉयल्टीचा वाद वेगळाच. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाचे २ टक्के असा निकाल दिला तेव्हा आम्हाला श्वास घेता आला. पुढे ती पद्धतही बदलली.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात दोन गोष्टी आल्या ज्यांचा या धाग्याशी थेट संबंध आहे. पहिली, एकाच कंपनीला एका शहरात एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी घ्यायची मुभा मिळाली. म्हणून एका कंपनीनं एकावर नवी गाणी आणि दुसऱ्यावर जुनी किंवा प्रेमगीतं असा प्रयोग देशात बऱ्याच ठिकाणी केला. दुसरी, एका ठिकाणी बनवलेला कार्यक्रम अनेक शहरांत लावायची परवानगी बरीच सैल झाली. पहिल्या बदलानं विविधता येऊ शकत होती. दुसऱ्यानं ती स्वस्तात मारता येऊ लागली. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उत्पन्न कमी पडलं की आधी तिथली माणसं कमी होतात, मग कार्यक्रम बाहेरून येतो, आणि एखाद्या सोमवारी फॉरमॅट बदलतो.

रिक्षा_स्वारगेट

माझ्या रिक्षात दिवसाचे १०-१२ तास रेडिओ चालू असतो. मी गाण्यापेक्षा बोलणाऱ्यासाठी ऐकतो. चांदणी चौकात काय झालंय, विद्यापीठ चौक तुंबलाय का, पालखीच्या दिवशी कुठला रस्ता किती वाजता उघडणार, हे सांगणारा माणूस पाहिजे. सकाळचा जो होता त्याला गल्ल्या माहीत होत्या. "दांडेकर पुलाकडून जाऊ नका, अलीकडून वळा" असं सांगायचा. आता जो येतो तो "शहरात ट्रॅफिक आहे" एवढंच सांगतो. शहरात ट्रॅफिक आहे हे मला दिसतंय की.

पॅसेंजरचं म्हणाल तर, म्हातारी माणसं बसली की म्हणतात आवाज बारीक कर. जुनं गाणं लागलं की तीच म्हणतात, असू दे.

मीनाक्षी_नि

@रिक्षा_स्वारगेट, खासगी एफएमवर बातम्या का नसतात हा मला नेहमी प्रश्न पडतो. निदान शहराच्या तरी?

लिंकवाला

परवानगी नाही. स्वतःच्या बातम्या खासगी एफएमला देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्यापासून आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस. वाहतूक, हवामान, पाणी-वीज, परीक्षा, शहरातले कार्यक्रम अशी माहिती चालते. म्हणून तर स्टेशनाला शहराचं वाटण्यासाठी दोनच गोष्टी हातात राहतात, एक आरजे आणि दुसरं गाणं. त्यातला आरजे बाहेरगावचा झाला आणि गाणं सगळीकडचं झालं की मग ते स्टेशन पुण्याचं आहे हे फक्त जिंगलवरून कळतं.

ट्रान्झिस्टर_खडकी

गप्पा उत्तम चालल्यात, पण ओंकारच्या आईंचा रेडिओ अजून खरखरतोय! ते आधी बघू.

१०१ चा काटा बरोबर लागत असेल आणि बाल्कनीत स्वच्छ येत असेल, तर सेट चांगला आहे. अडचण अँटेनाची आहे. एफएमची लहर साधारण ३ मीटर लांब. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पाऊण मीटर. साधी एक पदरी वायर घ्या, एका टोकाचं प्लास्टिक सोलून ते सेटच्या दांडीला गुंडाळा आणि दुसरं टोक खिडकीकडे न्या. एवढ्यानं भागलं नाही तर वायर लांबवून बाल्कनीपर्यंत न्या. सेट फ्रीजवर आहे असं लिहिलंय, तिथून आधी हलवा. फ्रीजचं पत्र्याचं अंग आणि खिडकीचं लोखंडी ग्रिल दोन्ही लहर अडवतात. हातभर अंतर बदललं तरी फरक पडतो.

मीडियम वेव्हवर ७९२ ला पुणे केंद्र आहे, तेही लावून बघा. मात्र एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर चालू असले की मीडियम वेव्हवर गुरगुर येते. एफएमवर तो त्रास खूप कमी.

अवांतर : एक्सप्रेसवेवरची एक गंमत रेडिओप्रेमींसाठी. ९८.३, ९३.५, ९१.१ हे आकडे मुंबईत आणि पुण्यात एकाच कंपनीच्या स्टेशनांना मिळालेत. त्यामुळे लोणावळ्याच्या आसपास काटा न हलवता स्टेशनचं गाव बदलतं. एका वळणावर मुंबईचा आरजे, पुढच्या वळणावर पुण्याचा. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, कारण एफएमचा सेट जो सिग्नल जोरदार त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. मीडियम वेव्हवर असे दोन सिग्नल आले तर दोन्ही एकदम ऐकू येतात. मी घाटात मुद्दाम रेडिओ लावतो. डोंगर कुठे संपतो ते कानानं कळतं.

कॅम्प_ईस्टस्ट्रीट

@ट्रान्झिस्टर_खडकी, ९४.३ चा माझाही असाच अनुभव आहे. एका काळात मुंबईत त्या आकड्यावर इंग्रजी गाणी लागायची आणि पुण्यात हिंदी. मी मुंबईहून परत येताना खंडाळ्याला गाणं अर्ध्यात तुटून हिंदी सुरू झालं की समजायचं, घर जवळ आलं.

मी कॅम्पात वाढलो. आमच्या घरी जॅझ आणि कंट्री ऐकलं जायचं. पुण्यात एवढी महाविद्यालयं, एवढे बँड, तरी इंग्रजी गाण्यांचं स्टेशन इथे रुजलं नाही. त्यामुळे प्रज्ञाताईंचं दुःख मला पूर्ण कळतं. ज्याची आवड बहुसंख्यांची नाही त्याला प्रत्येक शहरात हेच सांगतात, तुमची संख्या कमी आहे.

प्रज्ञा_औंध

@कॅम्प_ईस्टस्ट्रीट, फक्त पुण्यात मराठीची संख्या कमी आहे हे मला पटवून घ्यावं लागतंय. :( पण तुमचं म्हणणं पोचलं.

तंबोरा

विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, तिचा उल्लेख कुणीच केला नाही. सामुदायिक रेडिओ असल्यामुळे ताकद कमी, पल्ला काही किलोमीटरचा. गणेशखिंड, औंध, पाषाण या बाजूला चांगलं येतं. तिथे मी प्राध्यापकांच्या मुलाखती आणि विद्यार्थ्यांचे कार्यक्रम ऐकलेत, जे कुठल्याच जाहिरातदारानं होऊ दिले नसते.

हेडफोन_शोधतोय

फोनमधल्या रेडिओचं बोला ना कुणीतरी. माझ्या जुन्या फोनमध्ये रेडिओ होता, हेडफोनची वायर हीच त्याची अँटेना. नव्या फोनला ते भोकच नाही. पूर आला, टॉवर बंद पडले की इंटरनेटवरचं ॲप काय कामाचं?

अनघा_के

@हेडफोन_शोधतोय, केंद्र सरकारनं २०२३ मध्ये फोन कंपन्यांना सूचना काढली होती की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद करून ठेवू नका. आपत्तीच्या वेळी उपयोग होतो हेच कारण दिलं होतं.

धायरीफाटा

इथवर सगळं वाचलं. माझं मत थोडं बदललंय. कंपनीनं काय वाजवावं ते ती ठरवेल, हे अजूनही म्हणतो. पण निरोपाची एक ओळ वाचू दिली नाही, हे बरोबर वाटत नाही. आमच्या ऑफिसात एखादं ॲप बंद करताना आम्ही महिनाभर आधी वापरणाऱ्यांना तीन वेळा कळवतो.

आणि प्रज्ञा, तुझ्या मुद्द्याला धरून. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजिटल रेडिओची शिफारस केली आहे, त्यात मोठ्या १३ शहरांपासून सुरुवात करा असं म्हटलंय. पुणं 'अ' वर्गात येतं, म्हणजे त्या १३ मध्ये आहे. नेहमीचं एफएम चालू ठेवून त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी डिजिटल वाहिन्या चालवता येतील अशी ती योजना आहे. तसं झालं तर "जागा एकच आहे, त्यात मराठी कशी बसवू" ही सबब उरणार नाही. अर्थात त्यासाठी नवा सेट लागेल, आणि काकूंचा सेट जुना आहे.

प्रज्ञा_औंध

हे मला नव्यानं कळलं. वाचनखूण साठवली. वाहिन्या वाढल्या तर त्यातली एक पूर्णवेळ मराठी असावी, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. वाटप झाल्यावर ओरडून उपयोग नाही.

कापडदुकान

पूर्णवेळ मराठी वाहिनी पुण्यात निघाली तर पहिल्या दिवसापासून आमची जाहिरात त्यावर असेल. इथे लिहून ठेवतो. शेजारच्या तीन दुकानदारांनाही विचारलंय, त्यातले दोघे तयार आहेत.

ओंकार_कोथरूड

सगळ्यांचे आभार. रविवारी @ट्रान्झिस्टर_खडकी यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. सेट फ्रीजवरून काढून खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. पाऊण मीटर वायरीनं निम्मी खरखर गेली, बाल्कनीपर्यंत वाढवल्यावर सगळी गेली. १०१ ओट्याशी स्वच्छ लागतंय. काल दुपारी आई चवळीच्या शेंगा मोडत बसली होती आणि सेट चालू होता. महिन्यानं तिला गुणगुणताना ऐकलं.

@लिंकवाला, तुमच्या त्या पोलीस लाइनमधल्या बाईंचा किस्सा मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या मुलाला सांग, त्या बाईंना राग आला नसेल. काळजी वाटली असेल."

आज बहिणीनं १०१ वर दुसरा ठिपका लावला, यावेळी हिरवा. लाल पुसून टाकू का विचारलं. आई म्हणाली, "राहू दे. फिरून आले तर?"

लिंकवाला

ओंकार, काकूंना माझा नमस्कार सांगा.

ट्रान्झिस्टर_खडकी

छान झालं. वायरीचं बाल्कनीतलं टोक उघडं असेल तर पावसाळ्याआधी चिकटपट्टी गुंडाळा, आणि विजा कडाडायला लागल्या की वायर सेटपासून सोडवून ठेवा. त्या दिवशी आईंना ७९२ लावून द्या, त्याला या वायरीची गरज नाही.